टाकले किती, झेलले किती

ओल्ड फेरी, जॉर्जिया
मंगळवार, १४ एप्रिल

तीर्थस्वरूप अर्लीन वन्संना,

धाकट्या भावजयीचा, वर्नेलचा, प्रभूच्या नावात सलाम. तुमच्या कमरेचं हाड आता कसं आहे? डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं चालू ठेवलंय ना, की "आज बर्फ आहे" असं शेजारणीला सांगून खुर्चीतच बसता? (मागच्या पत्रातही तुम्ही बर्फच लिहिला होता. एप्रिलपर्यंत डेट्रॉइटला इतका बर्फ पडत असेल तर तो फक्त तुमच्याच दारात पडतो की काय, असं मला वाटायला लागलंय.) इकडे सगळं ठीक आहे. छप्पर गळायचं थांबलं, कारण पाऊस थांबला. गुडघे देवळाच्या पायऱ्या चढवतात, उतरताना कुरकुर करतात. ईस्टरला तुमच्या भावाच्या थडग्यावर पांढरी लिली नेली. कुंडीसकट नेली आणि उपासना झाल्यावर कुंडीसकट परत आणली. आणली नसती तर तेच उठून म्हणाले असते, "वर्नेल, चांगली कुंडी आहे ती."

आता तुमच्या भाच्याचं, एझेलचं. पुढच्या गुरुवारपासून तीन दिवस तो ड्राफ्ट आहे. तुम्ही फुटबॉलला जन्मभर धक्काबुक्की म्हणत आलात, म्हणून थोडक्यात लिहिते. देशभरातले मोठे संघ कॉलेजातली पोरं पाळीपाळीने निवडून घेतात. ज्याचं नाव पुकारलं तो सुटला, बाकीचे घरी. आमच्या एझेलचं नाव पुकारलंच तर शेवटच्या दिवशी, शनिवारी, असं सगळे म्हणतात. तो रनिंग बॅक. म्हणजे चेंडू हातात दिला की पोटाशी धरून गर्दीतून पळायचं. पळण्यात त्याला कोणी नाव ठेवत नाही. पण हल्ली मोठ्या संघांना नुसतं पळणारा पोरगा पुरत नाही, लांबून फेकलेला चेंडू झेलणाराही लागतो. आणि आमच्या कॉलेजचा कोच म्हणजे असा माणूस की त्याला हवेतला चेंडू बघवत नाही. तीन वर्षांत त्याने एझेलकडे आठ चेंडू टाकायला लावले. आठ! आठ चेंडूंवरून कोणी कोणाचं काय ठरवावं? त्यात मार्चमध्ये कॉलेजच्या मैदानावर सगळ्या संघांचे पारखी जमले, त्यांनी पोरांना पळवलं, उड्या मारायला लावल्या, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत एझेलचा पंजा मोजला (पावणेदहा इंच. जन्मला तेव्हा तो अख्खा पंजा माझ्या एका बोटाभोवती बसायचा, पण ते माप कोणी विचारलं नाही), आणि शेवटी त्याच्याकडे चेंडू टाकले. मग सगळ्यांनी आपापल्या वहीत एकच ओळ लिहिली. अंगावर झेलतो, हातांनी नाही.

वन्सं, हे खोटं नाही. चेंडू आला की एझेल हात पुढे करत नाही. पोट आत घेतो, अर्धा वळतो आणि चेंडूला कुशीत घेतो. पारखी म्हणतात असा चेंडू छातीवरून उडतो आणि दुसऱ्याच्या हातात जातो. पण तो असं का करतो हे त्या उत्तरेकडच्या माणसांना कसं कळावं? तुम्ही इथल्याच, तुम्हाला सांगायला नको. ज्या पोराने आठव्या वर्षापासून दर जूनमध्ये छप्पर कापलेल्या शाळेच्या बसमध्ये उभं राहून बापाने खालून फेकलेली कलिंगडं झेलली, तो हात पुढे करील का? हात ताठ केलेस की फुटलं, असं तुमचे भाऊ त्याला सांगायचे. त्याच्याबरोबर मागे जा, त्याला वाटलं पाहिजे की आपण पडलोच नाही. बारा उन्हाळे झाले. त्या पोराच्या हातून मी फुटलेली कलिंगडं मोजली तर दोन हातांची बोटं पुरतील.

म्हणून मी ठरवलं की ही सवय मोडायची. कोणी नाही तर आईने मोडायची. मी हायस्कूल झालेली बाई, मला खेळातलं काय कळतं, पण हाताने अलगद काय धरावं लागतं ते मला कळतं. अंडं. (कच्ची अंडी फेकण्याइतकं माझं डोकं फिरलेलं नाही. उकडली.) एझेल परसात उभा राहायचा, मी पायऱ्यांवरून टाकायची, आणि जी पडायची ती सोलून, पिवळं घोटून, मोहरी घालून पुन्हा भरायची. देवळातल्या भगिनी मंडळाला हे कळलं तेव्हा त्याही मंगळवारच्या प्रार्थनेनंतर यायला लागल्या. भगिनी ओडेसा रताळी आणायची आणि फेकताना "प्रभू, ह्याचे हात सोडव" असं ओरडायची. त्यामुळे पोरगं रताळ्याऐवजी तिच्याकडे बघायचं आणि रताळं कानावर बसायचं. त्या महिन्यात आमच्या मंडळीत तीन अंत्यविधी झाले, तिन्ही जेवणांना भरलेली अंडी होती, तिन्ही मी नेलेली. तिसऱ्या वेळी पाळकसाहेब ताटाकडे बघून हळूच म्हणाले, "वर्नेलबाई, पोराचा हात अजून बसला नाही वाटतं."

बसत होता, वन्सं. थोडा थोडा बसत होता. पण दर वेळी बोटांनी धरलं की तो माझ्याकडे असा बघायचा, की मी त्याच्याकडून काहीतरी काढून घेतेय. एकदा म्हणाला, "आई, बाबांनी असं नव्हतं शिकवलं." मी म्हटलं, बाबांनी कलिंगड शिकवलं, हे वेगळं आहे. तो म्हणाला, "मला नाही वेगळं वाटत." आणि मी पुढचं अंडं टाकलं. दुसरं काय करणार?

मग गेल्या गुरुवारी ड्वायर साहेब आले. उत्तरेकडच्या एका संघाचे पारखी, पन्नाशीचे, गोरे, उन्हाने भाजलेल्या मानेचे आणि स्वभावाने वाईट नाहीत. घरी येऊन बघतात म्हणजे संघाला पोरगा खरंच हवा असतो म्हणे. मी कोंबडी तळली, कोलार्डची पालेभाजी केली, मक्याची पाव-भाकरी केली (अंडी नाही). जेवण्याआधी प्रार्थना केली, ती जरा लांबली, कारण मी शनिवारचा विषयही त्यात घातला. मग साहेबांनी परसात चेंडू टाकले. पहिले दहा एझेलने बोटांनी धरले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून मोजत होते. साहेबांनी मान हलवली. आणि इतक्यात आमच्या देवळातले डीकन थर्मन आपला ट्रक घेऊन दारात! तुम्हाला ते ठाऊकच आहेत, एकाहत्तर वर्षं, तुमच्या भावाचे शेतातले जोडीदार, वेळ चुकवण्यात हातखंडा. पाहुण्यांसाठी फ्लोरिडाहून आलेलं हंगामातलं पहिलं कलिंगड घेऊन आले होते. ट्रकवर उभे राहून, शेतात हाक मारायचे तशी हाक मारली, "एझेल! धर रे!" आणि टाकलं.

वन्सं, पोराने चेंडू खाली टाकला, पोट आत घेतलं, वळला, आणि नऊ किलोचं कलिंगड झोपलेल्या लेकरासारखं कुशीत. पानसुद्धा हललं नाही. मग तो तसाच उभा राहिला. ठेवेना, हलेना. ट्रककडे बघत राहिला, जणू पुढचं यायचंय. आणि कलिंगडावर तोंड ठेवून रडायला लागला. जूनमध्ये बाप गेल्यापासून हा मुलगा माझ्यासमोर रडला नव्हता. दफनाच्या दिवशीही नाही.

 मग ड्वायर साहेबांनी हळूच विचारलं, "पुन्हा टाकता येईल का?" डीकन म्हणाले, "साहेब, एकच आणलंय, आणि ते तुमचं आहे." साहेबांना काय वाटलं कोण जाणे, म्हणाले, "मग माझ्याकडे टाका." एझेलने डोळे पुसून ते डीकनकडे दिलं, डीकननी टाकलं, आणि साहेबांनी वीस वर्षं पोरांना शिकवल्याप्रमाणे दोन्ही हात ताठ पुढे केले, बोटं पसरून. त्याचं जे व्हायचं ते झालं. बुटांत, मोज्यांत, छातीवरच्या त्या संघाच्या चिन्हावर. डीकन म्हणाले, "हातांनी झेललंत साहेब, एकदम पुस्तकाप्रमाणे." मला देवाची आठवण ठेवून तोंड फिरवावं लागलं. एझेल हसला. रडून झाल्यावर हसतात तसा.

साहेबांचे मोजे धुऊन वाळत घातले, तोवर ते पायऱ्यांवर अनवाणी बसले आणि तुमच्या भावाबद्दल विचारत राहिले. मी वही आणून दाखवली. तुम्हाला आठवते ना ती हिरवी, खताच्या दुकानात फुकट मिळालेली? एझेल नऊ वर्षांचा होता तेव्हापासून दर रविवारी उपासनेनंतर, जेवणाआधी, तुमचे भाऊ कोट काढून त्याच्याकडे पंचवीस चेंडू टाकायचे आणि मी पायरीवर वाटाणे सोलत लिहायची. डाव्या रकान्यात टाकले, उजव्यात झेलले. कॉलेजात गेल्यावर एक रविवार आड, पण खंड नाही. (घरखर्चाच्या वहीतही मी इतकी नेमाने लिहिलेली नाही.) साहेबांनी एकेक पान उलटलं, फोनवर फोटो काढले. म्हणाले, असली नोंद मी आजवर बघितली नाही, कॉलेजने आठ दिले, तुम्ही हजारो दिलेत. मग जुलैपाशी थांबले. "इथे काही नाही?"

मी म्हटलं, "ते दिवस दुःखाचे होते."

त्यांनी टोपी काढली. वही मिटली. निघताना माझा हात दोन्ही हातांत घेतला. एझेल त्यांना गाडीपर्यंत पोचवायला गेला.

बाकी विशेष नाही. औषध वेळेवर घ्या, शेजारणीला माझा सलाम सांगा. शनिवारी दुपारी प्रार्थनेत एझेलचं नाव घ्या. शेवटच्या दिवसाचं पुकारणं संध्याकाळपर्यंत चालतं, तेव्हा नाव एकदाच घेऊन थांबू नका.

तुमची धाकटी भावजय,
वर्नेल

ता. क. ईस्टरच्या वेळी तुम्ही पाठवलेली लिंबाची वडी पोचली. डबा चांगला आहे, ठेवून घेतला.

ता. क. आता खरं लिहिते, कारण हे पत्र टाकल्यावर मला रविवारी प्रभुभोजनाला बसायचंय. जुलैचं पान कोरं नव्हतं. साहेब येणार कळल्यावर मी ते ब्लेडने शिवणीपासून सोडवून काढलं. दफनानंतरच्या रविवारी एझेलने स्वतः चेंडू आणून डीकनना टाकायला सांगितलं. टाकले पंचवीस, झेलले शून्य. पुढच्या दोन रविवारी तेच. पंचाहत्तर, वन्सं. हात पुढे यायचे आणि चेंडू त्यांमधून निघून जायचा. हे साहेबांनी वाचलं असतं तर शनिवारी काय झालं असतं? मी खोटं बोलले नाही, पण खरंही बोलले नाही. बायबलमध्ये ठेवलं तर उघडायची भीती वाटते, चुलीत घालवत नाही. ते पान ह्या पाकिटात आहे. माझी विनंती एवढीच, ड्राफ्ट होईपर्यंत तुमच्याकडे ठेवा. फोनवर ह्याबद्दल बोलू नका, एझेल घरात असतो.

ता. क. बुधवार सकाळ. पाकीट चिकटवायच्या आधी एझेल टेबलाशी आला आणि त्याने पान ओळखलं. मला वाटलं रागावेल. म्हणाला, "आई, मी साहेबांना सांगितलं. गाडीपाशी. पंचाहत्तर." मी खुर्चीत बसले. विचारलं, ते काय म्हणाले? "म्हणाले, बरं केलंस. मग विचारलं, आणि आता किती?" मग तू काय सांगितलंस? "सांगितलं, आज कलिंगड, एकास एक."

तेव्हा वन्सं, लपवायचं काही उरलं नाही. शनिवारी जे व्हायचं ते होईल. पान तरीही पाठवते आहे. तुम्ही कमरेच्या ऑपरेशनमुळे दफनाला येऊ शकला नाहीत, आणि तेव्हापासून प्रत्येक पत्रात विचारता, माझा भाऊ शेवटी काय बोलला, आणि मी प्रत्येक पत्रात बर्फाबद्दल लिहिते. ते काही बोलले नाहीत. पानाची सगळ्यात वरची ओळ वाचा, पंचाहत्तरच्याही वर. ती एझेलने दफनाहून आल्यावर माझ्याकडून लिहवून घेतली. कपडेसुद्धा बदलू दिले नाहीत, म्हणाला, आधी लिही. तो बसमध्ये होता, ते खाली सरीत. त्यांनी टाकलं, ह्याने झेललं, वळून पेंढ्यावर ठेवलं आणि पुढच्यासाठी हात पसरून परत वळला, तेव्हा खाली कोणी उभं नव्हतं.

शनिवार. शेतात. कलिंगड. टाकले १, झेलले १.

वाचून झालं की परत पाठवा, मला ते वहीत शिवायचं आहे. सोबत तिकीट लावलेलं पाकीट ठेवलंय. घाई नाही.