सावली भिंतीपलीकडे पडते

मी, खाली सही करणारी, ताडपत्रीवाल्या काकू या नावाने ओळखली जाणारी, कॅनव्हासची छते आणि ताडपत्र्या शिवून आयुष्य काढलेली विधवा, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने करत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. थोरल्याने आणून पाहिला, त्याचे पुढे येईलच.

मजकूर मी सांगत आहे आणि शेजारच्या टायपिस्टबाई तो मशीनवर घेत आहेत. त्यांनी कोर्टात आयुष्य घालवले, त्यामुळे कायद्याचे शब्द त्यांचे आणि बाकीचे माझे. त्या भिंतीपलीकडे त्यांच्या अंगणात झाडाच्या सावलीत बसल्या आहेत. मी अलीकडे माझ्या अंगणात, स्टुलावर, डोक्यावर मीच शिवलेले जुने छत बांधून. झाड माझे आहे. सावली त्यांच्याकडे पडते. हे असे का, ते सांगितल्याशिवाय माझी वाटणी कोणाला पटणार नाही.

कलम १. माझ्या मालकीचे दोन खोल्यांचे घर, पुढची ओसरी, अंगण, अंगणातला शिरीष, रस्त्याच्या कडेची शिवणकामाची शेड आणि बँकेतली शिल्लक. यापलीकडे वाळवंट आहे, त्यावर माझा हक्क नाही. आमची गल्ली वस्तीची शेवटची. उन्हाळ्यात दुपारी अंगणातल्या नळाला हात लावला तर चटका बसतो आणि चपला दाराबाहेर विसरल्या तर तळवे त्या घ्यायला तयार होत नाहीत.

कलम २. शेड, जड कापड शिवायचे मशीन, दोरीच्या भोकांना कडी बसवायचा आयलेटचा पंच, हातोडी आणि कापडाचे तागे थोरल्याला द्यावेत. तो तयार हिरव्या जाळ्या विकतो, ज्या दुसऱ्या उन्हाळ्यात फाटतात. मशीन तो चालवणार नाही हे मला ठाऊक आहे. तरी त्याला रोज तेल घालावे. माझ्या बापाने मला घेऊन दिलेली ती एकच वस्तू आहे आणि ती बंद पडलेली मला चालणार नाही.

कलम ३. माझी दाभणे आणि मेणाचा गोळा धाकटीला. लहानपणी तिच्या बोटात दाभण घुसले तेव्हा ती रडली नाही, "आई, दोरा लाल झाला, आता?" एवढेच विचारले. तो दोरा मी तसाच शिवला होता.

कलम ४. आता झाड. माझे यजमान (यापुढे फक्त ‘हे’, कारण मी त्यांना दुसरे काही कधी म्हटलेले नाही) बर्फाच्या कारखान्यात होते. ऐन उन्हाळ्यात हे स्वेटर घालून कामाला जात आणि गल्ली हसे. घरात मी सावली विकणारी, हे गारवा विकणारे, आणि आमचे अंगण तव्यासारखे. दिव्याखाली अंधार तो हाच. माझी छते गिऱ्हाइकांच्या अंगणात जात आणि घरी बांधायला तुकडे उरत.

तेव्हा यांनी मनावर घेतले की झाड लावायचे, आणि तेही भराभर वाढणारे. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. पहिल्यांदा शेवगा आणला. वर्षाच्या आत तो छपराला टेकला आणि पहिल्याच वावटळीत मोडून पाण्याच्या टाकीवर आडवा झाला. मग रोपवाल्याने सुबाभूळ गळ्यात मारली. "वर्षभरात खाली खाट टाका," म्हणाला. खाट टाकण्याइतकी ती वाढली हे खरे, पण तिच्या शेंगा फुटून अंगणात, गटारात, ओसरीच्या भेगांत आणि शेजारी टायपिस्टबाईंच्या कुंड्यांत रोपेच रोपे उगवली. बाईंनी नगरपालिकेत आमच्याविरुद्ध अर्ज दिला. अर्जात एकही चूक नव्हती, समास सुद्धा सारखा सोडलेला. सुबाभूळ तोडावी लागली आणि मी त्यांच्याशी बोलणे टाकले. (बाई इथे थांबल्या. मी म्हटले, टाईप करा, खरे आहे ते. त्यांनी केले.)

कलम ५. त्या रोपवाल्याला, तो असल्यास त्याला, नसल्यास त्याच्या वारसाला, मी सुबाभळीच्या शेंगांचे एक पोते ठेवत आहे. ते शेडच्या माळ्यावर बांधून ठेवलेले आहे. सही घेऊन द्यावे.

कलम ६. शिरीष माझी निवड. गावाबाहेर पाण्याच्या टँकरांचा थांबा होता, तिथे माझी एकही ताडपत्री कधी खपली नाही. कारण बघायला गेले तर थांब्यावर एक मोठा शिरीष, आणि सगळे ड्रायव्हर त्याखाली निवांत झोपलेले. त्या झाडाला कोणी पाणी घालत नव्हते. मी यांना म्हटले, "जे झाड माझा धंदा बुडवतं, तेच आपल्या अंगणात लावा." भर वाळवंटात झाड निवडायचे तर रोपवाल्याला विचारू नये, न विचारता जे उभे आहे ते बघावे. मुलांनी हे लक्षात ठेवावे.

जागा मात्र यांनी ठरवली आणि तिथेच घोळ झाला. कारखान्याला उन्हाळ्यात श्वास घ्यायला फुरसत नसे, त्यामुळे यांना रजा मिळायची ती थंडीत. भर थंडीतल्या रजेत, दुपार उतरताना, यांनी माझ्या हातात बांबू दिला आणि अंगणभर फिरवला. बांबूची सावली ओसरीच्या बरोबर मधोमध आली तसे हे म्हणाले, "बस्स. इथंच."

मी म्हटले, "अहो, उन्हाळ्यात ऊन या बाजूने येत नाही."

"सूर्य काय भाड्याने राहतो, घरं बदलायला?"

बदलतो. थंडीत तो दक्षिणेला कलून चालतो आणि सावली तिरकी ओसरीवर पडते. उन्हाळ्यात तो डोक्यावरून जाऊन थेट पश्चिमेला उतरतो आणि सावली सरळ पूर्वेला, भिंत ओलांडून, टायपिस्टबाईंच्या अंगणात जाते. ओसरीवर सावली येते ती थंडीत, जेव्हा ती कोणाला नको असते, आणि तेव्हा शिरीषाला पानेही नसतात. पण यांना हे कळणार कसे? लग्नानंतर यांनी उन्हाळ्यातली एकही दुपार स्वतःच्या घरी काढलेली नव्हती.

कलम ७. रोप जगवले यांनीच, ते श्रेय मी कोणाला देणार नाही. कारखान्यात बर्फाच्या लादीचे तुकडे पडत, ते गोणपाटात गुंडाळून सायकलच्या कॅरियरवर हे घरी आणत आणि बुंध्यापासून हातभर दूर खणलेल्या खड्ड्यात ठेवत. रात्रभर तो बर्फ थेंबाथेंबाने मुरे. पोरे त्याला बर्फ खाणारे झाड म्हणत. तिसऱ्या उन्हाळ्यात त्याने भिंतीवरून डोके काढले, पुढे छत्रीसारखे पसरले आणि सगळी छत्री पलीकडे. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते मी डोळ्यांनी पाहिले. वाळलेल्या शेंगा वाऱ्यावर रात्रभर खुळखुळत, त्याने झोप मोडायची आमची, दुपारच्या डुलक्या बाईंच्या.

मी जेवताना रोज म्हणत असे, "पाणी आपलं, पाला आपल्या अंगणात, सावली त्यांना. यात आपल्याला काय मिळतं?" यांना वाटे मी अर्जाचा राग काढते आहे. काढत होतेच.

हे निवृत्त झाले त्या वर्षी पहिल्यांदा उन्हाळ्यात दुपारी खुर्ची घेऊन ओसरीवर बसले. ऊन थेट तोंडावर. भिंतीपलीकडे गार काळोखी सावली आणि तिच्यात टायपिस्टबाई. हे बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "झाड वाढलं मात्र झकास."

दुसऱ्या दिवशी पलीकडून बाईंचा आवाज आला, "अहो, झाड तुमचं आहे. इकडे येऊन बसा की." यांनी खुर्ची उचलली, रस्त्याने वळसा घालून गेले आणि मग रोजच जाऊ लागले. मलाही म्हणत, "चल, दोन खुर्च्या मावतात." मी म्हणायची, माझ्याच झाडाच्या सावलीत मी पाहुणी म्हणून जायची नाही. हे गेले त्याला आता बरीच वर्षे झाली. मी गेले नाही. यांची खुर्ची पलीकडेच राहिली. बाई ती रोज दुपारी काढून ठेवतात आणि मला ती भिंतीवरून दिसते. मला चिडवायला ठेवतात असे मी धरून चालले होते. (हे टाईप करताना बाईंनी मान वर केली नाही. नंतर म्हणाल्या, "ताई, तुमचं छत फाटलंय. ऊन लागतंय तुम्हाला. इकडे या." मी म्हटले, पुढचे कलम घ्या.)

कलम ८. बँकेतली शिल्लक दोघा मुलांत सारखी.

कलम ९. घर, अंगण आणि झाड धाकटीला. थोरल्याला वाईट वाटेल, म्हणून कारण लिहिते. गेल्या थंडीत तो अंगणात उभा राहून म्हणाला, "आई, हे झाड पाडू या. इथे पत्रा टाकून गोदाम काढतो. पाणी आपलं, पाला आपला, सावली त्यांना. आपल्याला काय मिळतं यात?" पोरगा शब्दाशब्दाने माझेच बोलत होता. लहानपणी ताटावर ऐकलेले त्याने जपून ठेवले. राग त्याच्यावर नव्हता, त्या वाक्यावर होता, आणि ते वाक्य या घरात पुन्हा चालू नये म्हणून घर धाकटीला. ती भाड्याच्या खोलीत वरच्या मजल्यावर राहते, तिला खिडकीतून पाण्याच्या टाक्या दिसतात. तिला मी विचारले, "झाडाचं काय करशील?" ती म्हणाली, "करायचं काय? बाबांनी लावलंय." मला तेवढे पुरे.

ओसरीला सावली हवी असेल तर धाकटीने कडुनिंब किंवा दुसरा शिरीष लावावा. पण ऐन उन्हाळ्यात, दुपारी, स्वतः अंगणात उभे राहून जागा ठरवावी आणि खुंटी मारून ठेवावी. रोप ऊन उतरल्यावर लावावे. उलटे करू नये. घराण्यात एकदा झाले, पुरे.

(येथपर्यंतचा मजकूर टाईप केलेला आहे. यापुढचे कलम मी माझ्या हाताने लिहीत आहे.)

कलम १०. भिंतीवरून सही होत नाही, साक्षीदारांच्या समोर करावी लागते, आणि बोलावलेले दोघे साक्षीदार सावलीत बसलेले. म्हणून मी रस्त्याने वळसा घालून पलीकडे आले. बसायला यांचीच खुर्ची होती. बसल्यावर मी बाईंना विचारले, "ही रोज कशाला मांडता?"

त्या म्हणाल्या, "तुमच्यासाठी. ते सांगून गेलेत, ती येईल, उशिरा येईल, पण खुर्ची आत नेऊ नका म्हणून."

वर पाहिले तर शिरीष खालून केवढा तरी मोठा दिसतो. अलीकडून मला तो असा कधी दिसला नव्हता. मला यांची फार आठवण आली, हे लिहायला मी लाजत नाही.

त्यानंतर बाई तिसऱ्या साक्षीदार म्हणून सही करायला पेन उघडून पुढे आल्या. मी म्हटले, "तुमची सही नको." त्यांना लागले. इतक्या वर्षांनी अजून तो अर्जच धरून बसलात, असे म्हणून त्या चहा ठेवायच्या निमित्ताने आत गेल्या. कोर्टात आयुष्य काढलेल्या बाईंना कारण कळायला हवे होते. ज्याला मृत्युपत्रात काही मिळते, त्याने त्यावर साक्ष घालायची नसते.

सावली ही मालमत्ता नाही, ती लिहून देता येत नाही, असे त्यांनीच मला एकदा सांगितले होते. म्हणून मी सावली देत नाही. मी असे लिहिते की टायपिस्टबाई हयात आहेत तोवर हा शिरीष कोणी तोडू नये, त्याची पूर्वेकडची एकही फांदी छाटू नये, आणि घर धाकटीला मिळते ते याच अटीवर. यांची खुर्ची मी टायपिस्टबाईंना देते. ती जिथे आहे तिथेच राहावी. दुसरी एक खुर्ची उद्या मी माझ्या घरातून आणणार आहे, ती माझ्या मागे धाकटीची. दुपारी तिने तिच्यावर येऊन बसावे, पाहुणी म्हणून नाही.

वरील सर्व मजकूर मी वाचला, मला तो मान्य आहे, आणि यात काही खाडाखोड दिसल्यास ती चहाच्या कपाची आहे.

सही : ताडपत्रीवाल्या काकू

आमच्यासमक्ष सही झाली :
१. बर्फाच्या कारखान्याचे निवृत्त फोरमन
२. कोपऱ्यावरचे औषध दुकानदार

दिनांक : एकोणीस मे, दुपार.
ठिकाण : भिंतीच्या पलीकडे, आमच्या झाडाखाली.