काळीच्या पोटातली मोळी

श्रीगोंदा, १८ नोव्हेंबर

ती. राधाकृष्णदादास सविताचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, गुडघ्यांनी साष्टांगाला केव्हाच नकार दिला आहे).

तुझी शुगर कशी आहे? वहिनी घरी बिनसाखरेचा चहा देतात आणि तू केडगावच्या नाक्यावर जाऊन दुसरा पितोस, हे तुझ्याच लेकीने, रुपालीने कळवलं. इथे मी ठीक आहे. म्हणजे नाही.

आपल्या अण्णांनी जिच्यावर ड्रायव्हरकी केली ती उसाच्या गाड्या ओढणारी आपली काळी, वाफेचं जुनं इंजिन, कारखान्याने दुरुस्त केली, अर्धा किलोमीटर रूळही टाकला, हे तुला ठाऊक आहे. दरवर्षी हंगामाच्या सुरुवातीला, मोळीपूजनाला तिला चालवायचं ठरलं. पण धड दगडी कोळसा मिळेना. तेव्हा बत्तीस वर्षं लॅबमध्ये रस तपासलेली तुझी बहीण म्हणाली, दारात बगॅसचा डोंगर पडलाय आणि कोळसा कसला शोधता? वर्षभर मी तो उसाचा चोथा वाळवला, भाजला, मळीत कालवून कांड्या पाडल्या (माझ्या साड्यांना अजून गुऱ्हाळाचा वास येतो). दसऱ्याला चाचणी झाली. अजिनाथने, अण्णांच्या फायरमनने, ऐंशीव्या वर्षी फावडं धरलं. काळीने शिट्टी दिली, अण्णांचीच, शेवटाला जरा लचकणारी. अजिनाथ म्हणाला, "ताई, धूर बी ग्वाड येतोय."

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात अण्णांनी विचारलं होतं, काळीच्या पोटात आता काय घालता? मी म्हटलं होतं, काहीच नाही. दादा, दसऱ्याच्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडे दुसरं उत्तर होतं.

मग मोळीपूजनाचा दिवस उजाडला. पूजेला जोडपं लागतं. मी पडले एकटी. म्हणून कांड्या माझ्या, आणि पाटावर संचालक आदिनाथराव व त्यांच्या रंगुबाई. (आदिनाथरावांना कांडी आणि कांदा यांतला फरक आदल्या दिवशी समजावला होता.) मला एक शाल दिली आणि तिसऱ्या रांगेत खुर्ची. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर मार्था सांगत, राग आला की दहापर्यंत मोजावं. मी खुर्ची सोडून काळीच्या चाकाशी जाऊन उभी राहिले आणि मोजायला लागले.

पूजा म्हणजे काय, भट्टीत नारळ पडले, ओले हार पडले, कुणीतरी पेढाही टाकला. काळीने सगळं सोसलं. त्यानंतर जी मोळी गाळपासाठी कारखान्याच्या गव्हाणीत टाकायची, ती ओल्या उसाची अख्खी मोळी रंगुबाईंनी भट्टीत लोटली. चर्र झालं. वाफेचा काटा खाली आला. काळी चाळीस पावलं चालली आणि जत्रेतल्या थकलेल्या बैलासारखी उभी राहिली.

"इंजनानं रस पेला," एवढंच अजिनाथ म्हणाला.

कारखान्याने नेमलेल्या समितीच्या अहवालात मात्र ऊस नाही, नारळ नाहीत, पेढा नाही. 'बगॅसचे इंधन निरुपयोगी', बस्स. एक तारखेला भट्टीचं दार वेल्डिंगने बंद करून काळीला फाटकापाशी चौथऱ्यावर बसवणार, अंगावर रंगीत दिवे सोडणार. लोक तिच्यापुढे सेल्फी काढतील आणि आत काय जळायचं ते कुणालाच ठाऊक नसेल.

वहिनींना नमस्कार. गोड कमी खा.

तुझी,
सविता

ता. क. तू बॉयलर इन्स्पेक्टर होतास. तू आलास की चेअरमन अजून खुर्चीतून उठतात. एक तारखेच्या आत ये. दोन पोती कांड्या उरल्या आहेत. भट्टी एकदा पेटवून बघ आणि दोष इंधनाचा नव्हता, ओल्या उसाचा होता, असं सहीनिशी लिहून दे.

ता. क. २. रंगुबाईंना मात्र काही बोलू नकोस. मोळी हातात घेऊन त्यांनी मला विचारलं होतं, "म्याडम, हितंच टाकायची व्हय?" मी तेव्हा चारपर्यंत पोहोचले होते. म्हणाले, "टाका."

हे तुझ्या अहवालात घालायचं की नाही, तू ठरव. अजिनाथने ऐकलं होतं. संध्याकाळी तो उरलेल्या पोत्यांना दव लागू नये म्हणून माझी मानाची शाल त्यांच्यावर पांघरून घरी गेला.