नाल्याचं खरं, जमिनीचं खोटं

सर, तुम्हांला जाऊन बरीच वर्षं झाली. मी आता बेलापूरला एका कंपनीत पुराचा अंदाज बांधायचं काम करते. या पावसाळ्यात जे झालं ते घरी सांगून झालं, ऑफिसातही सांगून झालं, पण पूर्ण कुणालाच सांगितलं नाही. पूर्ण ऐकून घेतील असे तुम्हीच होतात, म्हणून लिहिते आहे.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मी तुमच्या टेबलावर एक आलेख आणून ठेवला होता. ओढ्यात प्रत्यक्ष मोजलेलं पाणी निळ्या रेषेत, माझ्या संगणकावरच्या मॉडेलनं पावसावरून काढलेलं लाल रेषेत. माती पाणी किती शोषते, किती सोडते, हे सगळे आकडे फिरवून फिरवून मी दोन्ही रेषा अशा एकावर एक बसवल्या होत्या की लाल रेष शोधावी लागत होती. मी शाबासकीची वाट पाहत उभी आहे, बाकीची मुलं मागे आहेत. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवता, आलेखावर तळहात ठेवता आणि विचारता, "यात विहिरींना पाणी किती आहे?" मी म्हणते, विहिरी धरल्याच नाहीत सर, जुळवणी फक्त ओढ्याशी केली. "मग काढ." मी तिथंच बसून काढते. ऐन श्रावणात माझ्या मॉडेलमधल्या विहिरींना तळ दिसत होता. तुम्ही आवाज चढवला नाहीत. "ओढ्याचं खरं सांगतेस आणि जमिनीचं खोटं," म्हणालात. "असं मॉडेल साध्या पावसात शहाण्यासारखं वागतं आणि मोठ्या पावसात घात करतं." मागे कुणीतरी हसलं. त्या दिवशी मला तुमचा फार राग आला होता.

गेल्या वर्षी माझ्याकडे जासईजवळच्या एका गावाचं काम आलं. गावाच्या दोन बाजूंना लोकांच्या जागा घेऊन, भराव टाकून कंटेनरची यार्डं झाली आहेत, मधून नाला खाडीकडे जातो, आणि गावाची खालची आळी आता रस्त्यापेक्षा पार खाली गेली आहे. पावसाळ्यात तिथल्या तालुक्याच्या अधिकाऱ्यांना इशारा द्यायचा, हे आमचं काम. मॉडेल ऑफिसात आधीपासून तयार होतं आणि नाल्यावरच्या पुलाशी मोजलेल्या पातळीशी ते सुरेख जुळत होतं. आमच्या साहेबांना त्या आलेखाचं कौतुक. कुणी पाहुणे आले की तोच दाखवायचे. मी मॉडेलचे आतले आकडे उघडून पाहिले, तर त्याच्या हिशेबानं गावाची जमीन पावसाचं निम्म्याहून अधिक पाणी निमूट पिऊन टाकत होती. दोन्ही बाजूंनी भरावानं दाबलेली, खाडीच्या पाण्यानं आधीच ओली असलेली खाजणाची जमीन इतकं पाणी पिईल कशी? मला तुमचा तळहात दिसला.

म्हणून मी विहिरी मोजायला गेले. खालच्या आळीतल्या एका घरामागे जुनी विहीर होती आणि तिकडे जायला वाट त्यांच्या स्वयंपाकघरातूनच. घरातली बाई दारात आडवी उभी राहिली. "कशाला मापता? परत जागा घ्याची हाय का?" मी म्हटलं, जागेचा काही संबंध नाही मावशी, पुराचं काम आहे. "पयले आलते ते पन असंच बोलले." मी माझा नंबर लिहून दिला, ऑफिसचं ओळखपत्र दाखवलं. शेवटी त्या बाजूला झाल्या, पण टेप विहिरीत सोडताना माझ्या खांद्याशी उभ्या राहिल्या. तो सगळा पावसाळा मी तिथं आणि आणखी काही विहिरींवर जात राहिले. नंतर मॉडेलची जुळवणी नव्यानं केली: पुलाची पातळी, विहिरींची पातळी आणि उपग्रहावरून मिळणारा मातीचा ओलावा, तिन्ही एकदम धरून. जमीन लवकर भरायला लागली, विहिरी बऱ्याच जुळल्या. नाल्याची रेष मात्र मोजलेल्या रेषेपासून जराशी सुटली.

यंदा पावसाळ्याच्या तोंडावर साहेब म्हणाले, "जुळत होतं ते तू बिघडवलंस. हा आलेख मी लोकांना दाखवू कसा?" मी तुमचंच वाक्य त्यांना सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "या पावसाळ्यात दोन्ही चालव. पण बाहेर जाईल ते जुनंच."

ऑगस्टमध्ये एके दिवशी पाऊस पहाटेपासून थांबलाच नव्हता आणि दुपारी मोठी भरती होती. जुनं मॉडेल सांगत होतं, नाला काठाच्या आत राहील, धोका नाही. तसा मेलही सकाळी गेला होता. माझं सांगत होतं, जमीन तुडुंब आहे, भरतीला पाण्याला वाट मिळणार नाही, खालची आळी बुडेल. मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी दोन्ही स्क्रीन पाहिल्या. मग म्हणाले, "फोन कर. पण तुझ्या जबाबदारीवर."

अधिकारी वैतागले. "मॅडम, सकाळी तुमच्याच ऑफिसनं कळवलंय धोका नाही म्हणून."

"ते जुन्या मॉडेलवरून होतं."

"मग आता खरं कुठलं धरू?"

"खालची आळी रिकामी करा, सर. भरतीच्या आधी."

त्यांनी लोकांना शाळेच्या वरच्या मजल्यावर नेलं. भरतीची वेळ आली. पुलाशी पाणी काठाच्या आतच राहिलं. भरती उतरायला लागली तरी काही नाही. चहा समोर तसाच होता. ऑफिसात लोक माझ्या टेबलाजवळून जाताना बोलणं थांबवत होते. विहिरीवाल्या मावशींचा शाळेतून फोन आला. "शेगडीवर भात होता, तसाच टाकून उठवलं आमाला. पानी कुठं हाय?" मी पुन्हा पुलाची पातळी पाहिली. पाठोपाठ अधिकाऱ्यांचा, "लोक चिडलेत. परत पाठवू का?" मी म्हटलं, थोडं थांबवा. ते म्हणाले, "थोडं म्हणजे किती?" मी तेच पुन्हा म्हटलं, थांबवा. सर, त्या वेळी मला वाटलं, विहिरी धरण्याच्या हट्टापायी मी चांगलं चाललेलं मॉडेल मोडलं आणि माणसांना फुकट हैराण केलं. साहेब येऊन शेजारच्या खुर्चीवर बसले. एकदाही "सांगत होतो" म्हणाले नाहीत, आणि त्यानं मला जास्तच भीती वाटली.

पाणी आलं ते संध्याकाळ व्हायच्या जरा आधी, आणि नाल्यातून आलंच नाही. परसातून आलं, मोऱ्यांतून वर चढलं, विहिरी काठावरून वाहायला लागल्या. जमिनीत घोटभरही जागा उरली नव्हती. पुलावर त्याची खूणसुद्धा दिसत नव्हती. मावशींच्या स्वयंपाकघरात ओट्यापर्यंत पाणी चढलं. फ्रिज गेला, धान्य गेलं, दोन गाद्या गेल्या. माणसं सगळी शाळेत होती.

आता जुनं मॉडेल बंद झालं आहे. साहेबांनी कौतुक केलं नाही, विचारलं, "वेळ का चुकली?" तुम्हीही तेच विचारलं असतंत. कारण मी शोधते आहे. भरतीच्या वेळी पाण्याचा निचरा कसा होतो ते मी नीट धरलं नव्हतं असं दिसतंय. मावशींकडे जाऊन आले. त्यांनी भिंतीवरची ओल दाखवली, चहा केला, आणि या वेळी विहिरीकडे माझ्याबरोबर आल्या नाहीत, मला एकटीला जाऊ दिलं.

हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच, तेव्हा राहिलेलं लिहून टाकते. त्या संध्याकाळी अधिकाऱ्यांचा शेवटचा फोन आला, म्हणाले, "मॅडम, घरांत पाणी शिरलं." साहेबांनी मला नंतर सांगितलं, तू फार शांत होतीस. मी शांत नव्हते, सर. ते ऐकल्यावर मला आधी हायसं वाटलं. घरं कुणाची, ते नंतर आठवलं.