नावाड्याच्या पानातला हुकूम

गुरुजी, आज शिंदखेड्याच्या एका अक्कांचे कागद उडदाच्या पापडांच्या डब्यातून आले. एक पापड, एक कागद, असे थर. फोनवर म्हणाल्या, "नाना, अशी घडी पडत नाही. पापड तुम्हीच तळून खा." धुळ्यात लोकांचे अर्ज लिहून देतादेता म्हातारा झालो, पण कागद कसे येतील याचा अजून नेम नाही. फैजपूरचे एक भाऊ केळीच्या खोक्यातून पाठवतात, तळाशी सातबारा आणि वर फणी. हल्ली फोनवर फोटो येतात. परवा एका उताऱ्यावर मांजर बसलेलं, गट नंबर नेमका त्याच्या पोटाखाली. "उठतच नव्हतं हो," म्हणे!

मुलगी आता माझ्यासोबत काम करते. ती डबा टेबलावर उपडा करायला निघाली आणि मी ओरडलो, "झटकू नकोस!" आवाज माझा, पण शब्द तुमचे होते. निवृत्त झाल्यावर तुम्ही अमळनेरहून आलात, पेन्शनचे सगळे कागद मराठीच्या जुन्या पाठ्यपुस्तकात खोचून. अर्जाचा शेवटचा दिवस, आणि नेमणुकीचा हुकूम सापडेना. तो नसता तर पेन्शन अडली असती. घाबरून मी पुस्तक उलटं धरून झटकलं, तशी तुम्ही हातावर चापट मारलीत. माझ्यासारख्या लेकराच्या बापाला, चार गिऱ्हाइकांसमोर! "कविता झटकतात का रे? बठ्ठं त्यामाच शे, सगळं त्यातच आहे. तुला वर्गात जी कधी पाठ झाली नाही, तिथे बघ." अशी एकच होती, तापीवरच्या नावाड्याची. तिसऱ्या कडव्याला माझी होडी दरवेळी बुडायची. पान उघडतो तर हुकूम तिथेच, पिवळा, इस्त्री केल्यासारखा सपाट. "नोकरीत पहिल्यांदा हीच शिकवली," तुम्ही हसत म्हणता, "आता म्हणून दाखव." मी म्हणतो, "गुरुजी, ऑफिस बंद होईल," आणि हुकूम घेऊन पळत सुटतो.

पेन्शन मिळाली. पुस्तक मात्र माझ्याकडे राहिलं. तुम्ही दोनदा निरोप धाडलात, मी दोन्हीदा कळवलं, कागदांच्या ढिगात गेलंय, शोधतो. गुरुजी, ते कुठेही गेलं नव्हतं. खणात होतं, आजही आहे. परत द्यायला आलो असतो तर तुम्ही कविता म्हणायला लावली असतीत. आज एकेक पापड उचलताना मुलीच्या हाती ते पुस्तक दिलं आणि सुरू झालो. दोन कडवी खणखणीत! पुढे ती गालात हसत माझ्याकडे बघत राहिली. हे पत्र त्याच पानात खोचून ठेवतोय. तिसरं कडवं अजून येत नाही.