तळ्यावरचा ण

सर, तुमच्या शोकसभेत जो तो तुमच्या शुद्ध मराठीचे गोडवे गात होता, आणि मी मागच्या खुर्चीवर बसून तुमची ओली पँट आठवत होते. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. म्हणोत बापडे.

आठवीत होतो आम्ही. दिवाळीनंतर तुम्ही वर्गाला चिंचोटीला नेलंत, धबधब्याच्या वर रानात लपलेलं तळं दाखवायला. ते तुम्ही स्वतःच कधी पाहिलं नव्हतं. माझं आजोळ तिथून जवळच्याच कामणचं, मामामागून मी तिथे कितीदा तरी गेलेली. पण गास गावच्या शेतकऱ्याच्या पोरीला वाट विचारली तर मोठेपणा झिजला असता ना! "आम्ही देशावरची माणसं, गड चढत मोठी झालोय," म्हणत तुम्ही पुढे. इस्त्रीचे कपडे, चामडी बूट. चढण ती केवढीशी, तरी दर वळणावर निसर्गसौंदर्य बघायला थांबत होतात. धाप लागली होती, दुसरं काय!

तळ्यावर शेवाळ इतकं दाट, की जमीनच वाटावी. तुम्ही सरळ त्यावर निघालाय. मी ओरडते, "सर, थांबा, तिथं पानी खोल हाय!" आणि तुम्ही? चालता चालता मागे मान वळवून मला शिकवताय. "पानी नाही गं बये, पाणी! जीभ टाळ्याला लाव. पा..." ण यायच्या आत तुम्ही छातीपर्यंत आत.

बाहेर ओढलं ते आम्हीच. वाटलं, आता तरी म्हणाल, बरं झालं सांगितलंस. कसलं काय! निथळत उभे राहिलात आणि सगळ्यांदेखत माझ्याकडून 'पाणी' घोकून घेतलंत, नीट जमेपर्यंत. तुम्हाला हसायचा तो वर्ग मला हसला. लाज तुम्हाला वाटायला हवी होती, वाटली मला. तेव्हापासून मी बाहेर आमची बोली बोलले नाही, आणि हळूहळू घरातही नाही. परवा मी आईला म्हटलं, "पाणी देऊ?" तर ती शेजारणीला म्हणाली, "पावनी आलीय आमच्याकडं." शेजारीण हसली. आई नाही हसली.

हे सगळं लिहून पुन्हा वाचलं. तळ्यावरच्या माझ्या ओरडण्यातला न माझ्याच पेनाने खोडून ण केला होता. आता परत न केलाय. तुम्ही जाऊन इतके दिवस झाले, तरी तो करताना मी मागे वळून बघितलं, सर.