ऊन पाण्याचा घोगरा गळा

बाई,

शेजारच्या खोलीत कोणी भांड्यात पाणी ओतत असले, तर ते ऊन आहे की गार, हे न पाहताही बहुतेक वेळा कळते. मध्ये भिंत असते, वाफ दिसत नाही, भांडे कोणते तेही ठाऊक नसते. तरी चहासाठी उकळलेले पाणी कपात पडते आहे की माठातले पाणी पेल्यात, याबद्दल कानाला फारशी शंका नसते. हे आपल्याला कोणी शिकवलेले नसते आणि आपल्याला ते येते याचीही आपल्याला कल्पना नसते. पाणी तेच, उंची तीच, भांडेही तेच घेतले, तरी आवाज वेगळा. असे का व्हावे? अकोल्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी पदार्थविज्ञान शिकवते, आणि गेली वीस वर्षे अकरावीच्या नव्या वर्गाला पहिल्या आठवड्यात हाच प्रश्न घालत आले आहे. तुम्ही गेलात त्याला बावीस वर्षे झाली. म्हणजे हा प्रश्न मी वर्गात विचारू लागले तेव्हा तुम्ही नव्हतात, आणि ज्या एका व्यक्तीला त्याचे उत्तर मी आधी द्यायला हवे होते, तिला ते देण्याची वेळ निघून गेली होती.

राजापेठेतल्या तुमच्या दोन खोल्या होत्या तिथे आता शिकवणीचे वर्ग भरतात. मागच्या महिन्यात अमरावतीला आले होते तेव्हा मुद्दाम त्या गल्लीतून गेले. दुचाकींच्या रांगेतून वाट काढावी लागली. जिथे तुमच्या स्वयंपाकघराची खिडकी होती तिथे प्रवेश परीक्षेत निवडल्या गेलेल्या मुलांचे फोटो लावले आहेत. मला त्याचे वाईट वाटले नाही; मुले शिकत आहेत, एवढे खरे. पण खिडकीची जागा मी डोळ्यांनी मोजून काढली आणि मग सगळे जागच्या जागी दिसू लागले. तो रविवारचा दिवस आहे. मी नववीत आहे. तुम्ही वातीच्या स्टोव्हवर पातेले ठेवले आहे आणि मी पाटावर बसून वादविवाद स्पर्धेची टिपणे काढते आहे. विषय आहे, ‘समाजाला कवितेपेक्षा विज्ञानाची गरज अधिक आहे’. चिठ्ठी उचलण्यात आपल्या शाळेला अनुकूल बाजू मिळाली आहे, म्हणजे मला विज्ञानाच्या वतीने बोलायचे आहे, आणि माझी तयारी करून घेणाऱ्या तुम्ही मराठीच्या बाई. वहीत गुपचूप कविता लिहिणाऱ्या. मी संकोचून म्हटले, “बाई, तुम्हाला चालेल ना?” वर्गात काटेकोर प्रमाण भाषा बोलणाऱ्या तुम्ही घरात मात्र चांदूर बाजारच्या होऊन वऱ्हाडी बोलत असा. तुम्ही वळलात आणि म्हणालात, “काहून वं? कवितेच्या बाईनं विज्ञानाची बाजू तयार करून घेऊ नये असा कायदा हाये काय?”

आणि मग तुम्ही मला त्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा दिलात. तुमची धाकटी बहीण देवीच्या साथीत गेली होती. लस तेव्हा होती. टोचणारा मात्र तुमच्या वस्तीवर पोचला तो दोन महिने उशिरा. हे तुम्ही पातेल्यावर झाकण ठेवता ठेवता सांगितलेत, आवाज न बदलता. “पहिलं हेच सांग तिथं. पोरगी तापानं फणफणून राहिली असन तवा तिच्या उशाशी कविता म्हणून भागत नाही. लस लागते. यात वाद घालाचा नाही, ना तुनं, ना समोरच्यानं.” मी तुमच्याकडून उधार घेतलेल्या धीराने विचारले की मग कविता कशाला लिहायच्या. तुम्ही हसलात, हात पुसलेत आणि फळीवरची वही काढून माझ्यासमोर उघडलीत. ती वही तुम्ही शाळेत कोणाला दाखवली नव्हती, हे मला माहीत होते. त्या पानावरची एक ओळ मला आजही जशीच्या तशी दिसते: ‘ऊन पाण्याला घोगरा गळा, गार पाण्याला कोवळा सूर.’ मला ती गमतीची वाटली. ती कुठून आली हे मी विचारले नाही, आणि तुम्हीही सांगितले नाही.

स्पर्धा अकोल्याला होती. समोरच्या बाजूचा मुलगा अकोल्याचाच. त्याचा आवाज खणखणीत होता, पाठांतर उत्तम, आणि सभागृह त्याच्या गावचे. माझी लस, वीज, विहिरीवरचे पंप, सगळे मुद्दे मांडून झाले होते आणि टाळ्या त्याच्याकडे जात होत्या. खंडनासाठी माझ्याजवळ एक मिनिट उरले होते. मला मुद्दा सुचत नव्हता. मला हशा हवा होता. मी म्हणाले, “अध्यक्ष महाराज, एक कवयित्री लिहितात की ऊन पाण्याला घोगरा गळा असतो! पाण्याला जर गळा असेल, तर पावसाळ्यात त्याचा घसाही बसत असेल. मग आमच्या नगरपालिकेने टाकीत तुरटीऐवजी ज्येष्ठमध टाकावा काय? पाणी किती तापले हे थर्मामीटर सांगतो, महाराज, कविता नव्हे!” सभागृह हशाने दणाणून गेले. परीक्षकांपैकी एकाने चष्मा काढून डोळे पुसले. कोणाची ओळ, हे तिथे फक्त दोघींना ठाऊक होते, आणि त्यांतली एक तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. मी तुमच्याकडे पाहिले आणि लगेच दुसरीकडे पाहिले.

ढाल आपल्याला मिळाली. परतीच्या एसटीत तुम्ही मला खिडकीची जागा दिलीत. मूर्तिजापूर येईपर्यंत मी मांडीवरच्या ढालीवरची अक्षरे पुन्हा पुन्हा वाचत राहिले. मग तुम्ही म्हणालात, “हासवलं तं झकास, पोरी. ज्येष्ठमध मलेही सुचला नसता.” मला हायसे वाटले, पण तुमचे बोलणे संपलेले नव्हते. “एक सांग मले. तुनं तपासलं होतं काय?”

“काय, बाई?”

“पाण्याचा आवाज. विज्ञानाच्या बाजूनं बोलून राहिली होती न तू? मंग हासण्याच्या आधी पाणी ओतून पाहाचं होतं.”

“पण बाई, ती तर कविता आहे.”

“म्हून तपासाची नाही?”

तुम्ही रागावला नव्हतात, हे तुमच्या आवाजावरून कळत होते, आणि त्यामुळेच ते बोलणे जास्त लागले. थोड्या वेळाने तुम्ही स्वतःहून सांगितलेत की मोतीबिंदूने तुमच्या आईची दृष्टी गेली होती. बारा वर्षे तुम्ही तिला रोज सकाळी आंघोळ घातलीत. तुम्ही न्हाणीत तापवलेले पाणी बादलीत ओतू लागलात की ती बाहेरूनच म्हणे, “अजून थंडं हाये, तापू दे जराशीक.” हात न लावता, केवळ कानाने. तिचे कधी चुकले नाही. “म्या काही कल्पना नोती केली,” तुम्ही म्हणालात. “मायनं ऐकलं, म्या लिहिलं.” पुढे बडनेऱ्याला आपण चहा प्यायलो आणि तुम्ही मला माझ्या हातवाऱ्यांतल्या दोन चुका सांगितल्या. मी माफी मागितली नाही. सोमवारी शाळेत तुम्ही मला कागदात गुंडाळलेली एक वस्तू दिलीत. काचेचा, प्रयोगशाळेत वापरतात तसा थर्मामीटर. “तुनं सभेत नाव घेतलं न त्याचं? घे,” एवढेच म्हणालात, आणि त्या टोमण्यात इतका लोभ होता की घरी जाऊन मी रडले. माझ्या मालकीचे ते पहिले उपकरण. मी पदार्थविज्ञानाकडे वळले त्याची अनेक कारणे मी मुलाखतींत सांगितली. हे कधी सांगितले नाही.

तपासायला मात्र मला फार वर्षे लागली. दर दिवाळीला तुमच्याकडे येत होते, चकली खात होते, कॉलेजातल्या गमती सांगत होते. पण पाणी ओतून पाहिले नव्हते. तुम्ही गेल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी ध्वनीचा पाठ शिकवताना एकाएकी तुमचा प्रश्न आठवला आणि मी प्रयोगशाळेतच दोन पेले मांडले. एका मुलीला डोळे मिटून उभे केले आणि ओतायला सुरुवात केली. तिने भराभर बरोबर उत्तरे दिली. मागून एक मुलगा ओरडला, “मॅडम, हे तं चिटिंग हाये! वाफ येऊन राहिली न तिच्या तोंडावर!” त्याचे म्हणणे बरोबर होते. मग आम्ही ऐकणाऱ्याला दाराबाहेर उभे केले, भांडी सारखी घेतली, ओतण्याची उंची पट्टीने ठरवली, आणि ऊन आधी की गार आधी हे नाणे उडवून ठरवू लागलो. तरीही बहुतेक मुले बहुतेक वेळा बरोबर सांगत राहिली. तुमच्या थर्मामीटरने मी तापमान नोंदवत होते. दोन्ही पाण्यांतले अंतर कमी होत गेले तसे कान चुकू लागले, आणि दोन्ही कोमट झाल्यावर मुले नुसता अंदाज बांधू लागली. म्हणजे वाफेचा यात हात नव्हता. फरक आवाजातच होता. बाई, त्या दुपारी मी वर्गासमोर उभी होते आणि माझे कान तापले होते.

कारण सांगायचे तर असे आहे. पाणी तापले की त्याचा चिकटपणा कमी होतो आणि पृष्ठभागाचा ताणही थोडा उतरतो. धार पडते ती वेगळ्या रीतीने फुटते आणि हवेचे बुडबुडे वेगळ्या आकाराचे अडकतात. ओतण्याचा आवाज म्हणून आपण जे ऐकतो तो मुख्यतः या बुडबुड्यांचा असतो. मोठा बुडबुडा खालच्या पट्टीत बोलतो, लहान वरच्या. डग्गा आणि तबला यांच्यात असतो तसाच हा भेद. ऊन पाण्यात मोठे बुडबुडे अधिक, म्हणून आवाज जाडसर. गार पाण्यात लहान अधिक, म्हणून बारीक आणि टणटणीत. यातल्या प्रत्येक दुव्याबद्दल मी शपथ घेणार नाही, कारण एवढ्या साध्या गोष्टीचाही पुरता हिशेब लावणे सोपे नाही. पण ‘घोगरा’ आणि ‘कोवळा’ हे दोन्ही शब्द अगदी नेमके निघाले. मी वर्गात त्यांच्याहून चांगले शब्द शोधून पाहिले. मला मिळाले नाहीत.

त्या स्पर्धेच्या शेवटी अध्यक्षांनी सांगितले होते की काव्य आणि विज्ञान ही समाजरथाची दोन चाके आहेत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला ते वाक्य आता आळशी वाटते. चाके एकसारखी असतात. या दोन गोष्टी एकसारख्या नाहीत. तापाने फणफणलेल्या मुलीच्या उशाशी कोण आधी हवे, हे तुम्हीच मला स्टोव्हसमोर शिकवलेत, आणि त्या उत्तरात मी आजही काना-मात्रेचा बदल करणार नाही. परंतु विज्ञान सुरू होते ते कोणी तरी थांबून काही ऐकल्यानंतर, पाहिल्यानंतर. तुमच्या आईच्या कानाने ते केले. तुमच्या ओळीने ते हरवू दिले नाही. माझ्यापर्यंत ते आले ते प्रश्न होऊन नव्हे, कविता होऊन आले, आणि म्हणूनच टिकले. समाजाला कवितेचा उपयोग काय, असे मला आता कोणी विचारले, तर मी सांगते की अजून ज्याचे कारण सापडलेले नाही, ते सांभाळून ठेवण्याचे काम ती करते. आणि हेही सांगते की सभागृह ज्यावर हसते, ते तपासायला सहसा कोणी उठत नाही. त्या दिवशी त्या मंचावर जे अशास्त्रीय होते ते माझे होते, तुमचे नव्हे.

हे पत्र कुठे पाठवायचे नाही. जर्नलच्या कोऱ्या पानांवर लिहिले आहे, तिथेच राहील. लिहायला बसले ते एका गोष्टीसाठी, आणि ती अजून लिहिलेली नाही. वीस वर्षे मी वर्गाला ही हकीकत सांगते. एका बाईंची ओळ, एका मुलीने मंचावर केलेली थट्टा, एसटीतला प्रश्न, मोतीबिंदू झालेली आई, सगळे सांगते. मुले हसतात, मग गप्प होतात, मग पाणी ओततात. फक्त ‘एक मुलगी’ असे म्हणते. ती मी होते, हे मी आजवर एकदाही सांगितलेले नाही. मागच्या वर्षी एका विद्यार्थिनीने विचारले, “मॅडम, त्या पोरीले पुढं कधी लाज वाटली का?” आणि मी म्हणाले, “ठाऊक नाही.” उद्या नव्या वर्गाचा तोच तास आहे. उद्या ‘मी’ म्हणायचे, असे ठरवले आहे. जमेल असे वाटते. त्यानंतर नेहमीप्रमाणे फळ्यावर कृती लिहून देईन, घरी कोणालाही करता येईल अशी: एकसारखे दोन पेले घ्या. एका तांब्यात कढत पाणी, दुसऱ्यात माठातले. पाठ करून, वाफ लागणार नाही इतक्या अंतरावर उभे राहा आणि डोळे मिटा. दुसऱ्या कोणाला तरी, न सांगता, हवे ते आधी ओतायला सांगा. दहा वेळा ऐका, दहा वेळा उत्तर द्या. नियम एकच: दहावे उत्तर होईपर्यंत कोणी हसायचे नाही.