वळायचं तर रेस हवी

ती. बाबा, नमस्कार.

मी बरी आहे. धाकट्याच्या इथल्या खोलीतलं सामान आवरून झालं. त्याचाच स्वेटर घालतेय, त्यामुळे थंडी वाजत नाही. तुमचा खोकला कसा आहे?

रागावू नका, पण आज मी ती पाण्यावर पळणारी वॉटर स्कूटर चालवून पाहिली. जॅकेट होतं. मनगटाला दोरी होती; माणूस पडला की ती निसटते आणि इंजिन बंद होतं.

समोर खांब दिसला तशी मी घाबरून रेस सोडली आणि हँडल वळवलं. स्कूटर सरळच निघाली. मागे बसलेले शिकवणारे काका ओरडले, "ताई, रेस दाबा! पाण्याचा जोर नसला तर वळेल कशी?" दाबली, तेव्हा वळली.

काठावर आल्यावर ते हळूच म्हणाले, "तुमच्या भावानंही बोटींच्या धक्क्यासमोर रेस सोडली होती. इंजिनाचा आवाज एकदम पडलेला मी ऐकला. नवखे सगळे हेच करतात."

बाबा, तो गेला तेव्हा मस्ती करत नव्हता. तो थांबायला बघत होता.

तुम्ही रागानं कपाटात ठेवलेला त्याचा फोटो परत लावाल का? आईनं भिंतीवरचा खिळा अजून काढलेला नाही.

तुमची,
थोरली